बलुतेदाराची नोंद कोणी करायची?

इतिहास लिहिणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, इतिहासाची साधने सांभाळणारा माणूस प्रबळ असतो. लिहिणारा चुकला तर दुसरा कोणी उठून त्याला खोडून काढतो. पण साधनच उरले नाही तर कशाच्या आधारे खोडायचे? आपल्या समाजाने हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. आपल्याबद्दलचे कागद खूप आहेत. आपण लिहिलेले कागद थोडे आहेत, आणि तेही पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, वाळवीच्या तोंडी आहेत.

आज हे सांभाळण्याचे काम संगणकाच्या मदतीने होऊ लागले आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प चालतात. ग्रंथपाल, भाषातज्ज्ञ, इतिहासकार आणि संगणकाचे जाणकार एकत्र बसतात. काय निवडायचे, कसे नोंदवायचे, कोणाला मोकळे करायचे हे ठरवतात. आपल्याकडे या कामाकडे यंत्राचे काम म्हणून पाहिले जाते. यंत्र आणले, पाने टिपली, उद्‌घाटन झाले, संपले. मला हे काम मुळात सामाजिक निर्णयाचे वाटते. त्यासाठी मराठीशी थेट नाते असलेले एक उदाहरण तपासू.

ते उदाहरण अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे आहे, आणि त्याची सुरुवात गव्हापासून होते. १९५४ साली अमेरिकेने ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला. त्याखाली आपल्याकडे गहू आला. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना तो गहू चांगला आठवत असे. त्याची किंमत भारताने रुपयांत चुकवली आणि ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच राहिले. त्यातल्या काही पैशांतून १९६२ पासून भारतात छापलेली पुस्तके व नियतकालिके विकत घेऊन निवडक अमेरिकन विद्यापीठांना पाठवली जाऊ लागली. काँग्रेसच्या ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय हे काम पाही. शिकागो त्या विद्यापीठांपैकी एक होते. दलित साहित्याचा जोर वाढला तो नेमका याच काळात. ज्या पुस्तकासाठी आपला विद्यार्थी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालतो, ते सातासमुद्रापलीकडे सुरक्षित कपाटात असते, त्यामागे हा व्यवहार आहे. यात कोणाचे कपट शोधण्याचे कारण नाही. तिथल्या ग्रंथपालांनी पुस्तक मोलाचे मानले. इथल्या किती ग्रंथालयांनी तसे मानले, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

या संग्रहाच्या बळावर शिकागोच्या ग्रंथालयाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ उभी केली. दक्षिण आशियाविषयक ग्रंथसंग्रहाचे प्रमुख जेम्स नाय यांनी तिचे नेतृत्व केले. तिचा एक भाग म्हणजे दक्षिण आशियाई भाषांचे संगणकीय शब्दकोश. मराठीपुरते बोलायचे तर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश, वझे यांचा १९११चा शालेय कोश, दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९५० या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मॅक्सीन बर्नसन यांचा १९८२-८३चा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोश, असे पाच कोश तिथे विनामूल्य पाहता येतात. हे कोश सुटे सुटे विकत घ्यायचे म्हटले तर आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयाचे ग्रंथालय हात वर करते. मी वर्गात विद्यार्थ्यांना ते मोबाइलवर उघडायला लावतो.

सोय ही गोष्ट वेगळी, पण शोधाची दिशा बदलते ही गोष्ट मोठी आहे. कागदी कोश अकारविल्हे असतो. जो शब्द ठाऊक आहे तोच त्यात शोधता येतो. संगणकावरच्या कोशात अर्थाच्या मजकुरातही शोध घेता येतो. ‘महार’ हे नाव कोणत्या कोणत्या शब्दांच्या अर्थात आले आहे, ते गोळा करता येते. वेसकर, तराळ, महारकी हे शब्द मग एकमेकांशेजारी येऊन बसतात. माझ्या पणजोबांनी वेसकरकी केली. तिच्याबद्दल घरात कोणी फारसे बोलत नसे. कोशात ती दोन ओळींत, शांतपणे, एखाद्या झाडाचे किंवा भांड्याचे वर्णन करावे तशी नोंदलेली असते. हा शांतपणाही इतिहासाचे साधन आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवावे लागते.

मोल्सवर्थने बलुतेदारांची जी यादी दिली आहे ती पाहा. बारा जणांच्या तीन ओळी. पहिलीत सुतार, लोहार, महार, मांग. दुसरीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. तिसरीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. महार-मांग पहिल्या ओळीत आणि भट तिसऱ्या ओळीत! ही ओळ कुणब्याला कोणाची किती गरज आणि पिकात कोणाचा किती वाटा, या हिशेबाची. प्रतिष्ठेची उतरंड नेमकी उलटी होती. पहिल्या ओळीत बसवलेला हा माणूस वेशीबाहेर का राहत होता, याचे उत्तर त्या यादीत मिळत नाही. ते मिळते बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली त्यात. शब्दकोश आणि विधेयक शेजारी ठेवून वाचले तरच बलुत्याचा इतिहास पुरा होतो. कोश संगणकावर आहे. विधेयकामागची चळवळ, तिच्या सभा, तिची पत्रके कुठे आहेत?

इथेच त्या थोर प्रकल्पाची मर्यादा दिसते, आणि ती त्याला वारशाने मिळाली आहे. मोल्सवर्थच्या हाताशी ब्राह्मण शास्त्री होते. त्यांच्या कानावर जी भाषा पडली आणि त्यांना जी नोंदवण्याजोगी वाटली, ती कोशात आली. पुढच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने व्याप प्रचंड वाढवला, पण कोश करणारा वर्ग बदलला नाही. बर्नसनबाईंनी फलटणच्या बोलीतील भाषिक विविधतेचा अभ्यास केला होता, ही जमेची बाजू. तरीही एकूण हिशेब असा की या कोशांत आपण वर्ण्यविषय आहोत, वक्ते नाही. संगणक हा दोष दुरुस्त करीत नाही. जे आहे ते अधिक वेगाने, अधिक दूर पोचवतो. जे नाही ते नाहीच राहते, आणि काही वर्षांनी लोक म्हणू लागतात की ते कधी नव्हतेच.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तोही याच ग्रंथालयाच्या इतिहासात सापडतो. तमिळनाडूत कोट्टैयूर येथे रोजा मुथय्या चेट्टियार नावाचे गृहस्थ होते. नावाच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. त्यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, मासिके, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका जमवल्या. सुमारे एक लाख वस्तू झाल्या. १९९२ साली ते वारले. शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, पण जहाजावर चढवला नाही. चेन्नईत त्यासाठी संशोधन-ग्रंथालय उभे केले, तिथल्याच माणसांना प्रशिक्षण दिले. संग्रह आपल्या भाषेच्या प्रदेशात राहिला आणि त्याच्या प्रती जगाला मिळाल्या. आपल्या चळवळीतही असे जमवणारे झाले. चां. भ. खैरमोडे यांनी जमवले नसते तर बाबासाहेबांचे एवढे तपशीलवार चरित्र झाले नसते. वसंत मून यांनी धडपड केली नसती तर १९७९ पासून निघालेले शासनाचे खंड त्या रूपात दिसले नसते. पण व्यक्तीची धडपड व्यक्तीबरोबर संपते. ती संस्थेच्या हाती द्यावी लागते.

बाबासाहेबांच्या बाबतीत तरी काय घडले पाहा. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची टिपांसह अभ्यासावृत्ती महाजालावर आली ती कोलंबिया विद्यापीठात, फ्रान्सिस प्रिचेट यांच्या संपादनाखाली. १९१३ ते १९१६ या काळात ते जिथे शिकले, त्या विद्यापीठाने हे ऋण मानले, ही आनंदाची गोष्ट. पण १९३६ची पहिली आवृत्ती आणि गांधीजींची टीका व तिचे उत्तर जोडलेली १९३७ची दुसरी आवृत्ती ओळीला ओळ लावून मराठी विद्यार्थ्यासमोर ठेवणे हे कोणाचे काम? कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने २०१३ साली सुकांत चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा आणि आवृत्त्यांचा ‘बिचित्रा’ हा प्रकल्प पुरा केला. कवितेतला कोणता शब्द कधी बदलला, हेही तिथे ताडून पाहता येते. म्हणजे हे काम भारतीय विद्यापीठाला जमते. पैसा मिळतो, माणसे मिळतात. आपल्याकडे मात्र शासनाच्या खंडांच्या छपाईसाठी घेतलेला कागद पडून असल्याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. फरक तंत्रज्ञानाचा नाही, अग्रक्रमाचा आहे.

अशा प्रकल्पाचे नेतृत्व म्हणजे चार निर्णय. पहिला निवडीचा. १९०८चे ‘सोमवंशीय मित्र’, १९२०चे ‘मूकनायक’, १९२७चे ‘बहिष्कृत भारत’, १९३०चे ‘जनता’, १९५६चे ‘प्रबुद्ध भारत’ ही आपली मुख्य रांग. त्यांच्या शेजारी जलशांच्या चोपड्या, परिषदांची पत्रके, वसतिगृहांची रजिस्टरे बसली पाहिजेत. ‘किरकोळ’ असा शिक्का मारून जे बाजूला टाकले जाते त्यातच आपला इतिहास असतो.

दुसरा निर्णय वर्णनाचा. काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या विषयसूचीत आपल्याविषयीचे ग्रंथ पूर्वी ‘अनटचेबल्स’ या मथळ्याखाली जात. पुढे तो मथळा ‘दलित्स’ असा झाला. सूचीतला एक शब्द बदलायलाही चळवळ व्हावी लागते. आपल्या कागदांना कोणत्या नावाने हाक मारायची, हे आपल्या माणसांनी ठरवावे.

तिसरा हक्कांचा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१६ अखेर मुक्त झाले. अण्णाभाऊंचे लेखन २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. तेव्हा लेखकांच्या वारसांशी बोलणे, त्यांची संमती घेणे, त्यांचा मान राखणे हे या कामाचे अंग आहे.

चौथा निगेचा, आणि तोच सर्वांत अवघड. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने लाखो पुस्तकांची पाने टिपली. पुढे २०१७च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. बाहेरच्या एका सार्वजनिक संग्रहाने प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून पुस्तके वाचली. शिवाय १९९०नंतर जुन्या टंकांत जुळवलेली आपली कित्येक नियतकालिके अशी आहेत की त्यांच्या फाइली सापडल्या तरी त्यांत शब्द शोधता येत नाही, कारण ते टंक युनिकोडपूर्वीच्या पद्धतीचे आहेत. कागदाला वाळवी लागते, फाइलीला विस्मरण लागते.

कोणी कार्यकर्ता म्हणेल, पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, वसतिगृहात पाणी नाही, आणि हे प्राध्यापक संगणकाच्या गोष्टी सांगतात. आक्षेप रास्त आहे. शिष्यवृत्तीचा लढा अगोदर. पण त्याच लढ्यात उद्या सरकार विचारते, तुमच्या मागणीला पुरावा काय? तेव्हा ज्याचे कागद जागेवर असतात त्याचे म्हणणे टिकते. बाबासाहेबांनी राजगृह बांधले तेव्हा त्यात ग्रंथांची सोय प्रथम पाहिली, आणि त्यांच्या ग्रंथांचा मोठा भाग पुढे सिद्धार्थ महाविद्यालयात आला. चळवळ आणि ग्रंथालय यांत त्यांनी कधी भिंत घातली नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट करू. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आपल्या ग्रंथालयांत दलित नियतकालिकांच्या संगणकीय संग्रहाचा प्रकल्प कायमस्वरूपी पदांसह सुरू करावा, आणि त्याचे नेतृत्व या साहित्यातून घडलेल्या अभ्यासकांकडे असावे. शिक्षकांनी आपल्या तालुक्यात कोणाच्या घरी कोणते अंक आहेत, याची यादी करावी. मूळ अंक हलवू नयेत. मालकाचे नाव, गाव, वर्ष लिहून घ्यावे आणि यादीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी एकेका अंकाची अनुक्रमणिका युनिकोडमध्ये उतरवावी. यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. माझ्या महाविद्यालयात या वर्षी आम्ही एवढ्यापासूनच सुरुवात करीत आहोत. ज्या वाचकांकडे असे अंक असतील त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत.