कार्डॅशियन-जेनर कुटुंब
वास्तवदर्शी दूरचित्रवाणी मालिकेतून प्रसिद्धीस आलेले व त्या प्रसिद्धीवर उद्योग उभारणारे अमेरिकन कुटुंब. माजी अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरील खून खटल्यातील (१९९५) बचाव पक्षाचे आर्मेनियन वंशाचे वकील रॉबर्ट कार्डॅशियन यांच्यामुळे हे आडनाव प्रथम लोकांपुढे आले. त्यांच्या घटस्फोटित पत्नी क्रिस जेनर यांनी मुलांच्या व्यवसायांचे व्यवस्थापन हाती घेतले. ‘कीपिंग अप विथ द कार्डॅशियन्स’ ही मालिका २००७ ते २०२१ या काळात वीस पर्वे चालली. घरातील भांडणे, विवाह व बाळंतपणे हाच तिचा विषय होता (पहा : दूरचित्रवाणी). मात्र कुटुंबाची खरी मिळकत उद्योगांतून झाली. धाकटी कन्या कायली हिने २०१५ मध्ये ओठांचा द्रवरूप रंग व ओठरेखणी पेन्सिल यांच्या संचाने सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय आरंभला (पहा : सौंदर्यप्रसाधने), त्याचा ५१ टक्के हिस्सा ६० कोटी डॉलरला विकण्याचा व्यवहार २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षी क्रिस यांची दुसरी कन्या किम हिने ‘स्किम्स’ ही अंतर्वस्त्रांची कंपनी स्थापन केली.