ताप, पटकी आणि शुगर

२०२३च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत जुनी दप्तरे एकापाठोपाठ एक सुटू लागली. मराठा आरक्षणाच्या मागणीमुळे कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला होता. या शोधात सर्वांत कामाला आला तो गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे रजिस्टर. वाचणाऱ्यांचे बोट जातीच्या रकान्यावरून खाली सरकत होते. त्याच ओळीत मरणाच्या कारणाचाही उल्लेख असतो, पण तिकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

तो रकाना वाचण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यात मरणाची नोंद गावचा पाटील ठेवी, आणि कारण सांगायला गावात डॉक्टर नसे. त्यामुळे ठरावीक शब्दांत सगळे बसवले जाई: पटकी, देवी, हगवण, प्लेग, आणि सगळ्यांत जास्त वेळा ताप. यांत न बसणारा ‘इतर कारणे’ या खात्यात जाई. औत सोडून बांधावर बसलेला आणि छातीला हात लावून तिथेच आडवा झालेला पन्नाशीचा शेतकरी या खात्यातला. लघवीला मुंग्या लागतात म्हणून ज्याची साखर गावाला कळली, तोही शेवटी तिथेच. नगर जिल्ह्यात हृदयविकार आणि मधुमेह तेव्हा किती होता, हे या वह्यांवरून आज कोणीही सांगू शकणार नाही. रोग नव्हता असे नव्हे. त्याच्या नावाचे खाते नव्हते.

(जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. गोष्ट जुनी असल्याने इथे जुनेच नाव येईल.)

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा केंद्रीय कायदा १ एप्रिल १९७० रोजी महाराष्ट्रात लागू झाला. त्याच वर्षी जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला, जामखेडला, एक डॉक्टर जोडपे येऊन राहिले. डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीत जन्मलेले. ते आणि डॉ. मेबल दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले होते. आधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी काम केले, आणि तिथे एक गोष्ट त्यांना छळत राहिली. बरा करून घरी धाडलेला रुग्ण काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत दारात उभा. इस्पितळाच्या खात्यात तो दोनदा बरा झालेला असे. मग दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. तिथे त्यांना कार्ल टेलर भेटले, पंजाबातल्या नारंगवालच्या गावांत राहून खेड्याचे आरोग्य अभ्यासलेले. परतल्यावर जामखेडला गुरांच्या एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झाले.

आधी त्यांनी नर्सबाई नेमून पाहिल्या. पण शिकलेली नर्स खेड्यात टिकेना, आणि टिकली तरी बायका तिला मनातले सांगेनात. तेव्हा गावाने आपलीच एक बाई निवडावी असे ठरले. निवडून आलेल्यांत दलित होत्या, टाकलेल्या होत्या, अनेकींना अक्षर येत नव्हते. दर आठवड्याला या बाया जामखेडला शिकायला येत, मुक्काम करत आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. १९७०च्या दशकातल्या नगर जिल्ह्यात वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एक पांघरूण घेणे ही काय गोष्ट होती, हे ज्याने तेव्हाचे पाणवठे पाहिले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

नोंदीचे रूप पालटले ते इथे. पाटलाच्या वहीत माणूस मेल्यावर येई. या बाईच्या डोक्यात तो आधीपासून असे: कोणती सून कितव्या महिन्याची, कोणाचे पोर अंगावर पिऊनही वाळत चालले आहे, कोणाचा खोकला महिनाभर हटलेला नाही. ती सांगे आणि लिहून घेणारे दुसरे असे. नोंद वरिष्ठ कचेरीत पोचण्यापूर्वी तिचा उपयोग गावातच होऊन जाई.

प्रकल्पाच्या हिशेबाप्रमाणे १९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्ष पुरे होण्याआधी दगावत. शतक संपता संपता हा आकडा तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कौतुकाला काही कमी पडले नाही.

पण कौतुक वेगळे आणि पुरावा वेगळा. या तीस वर्षांत रोजगार हमी आली, लसी आल्या, डांबरी रस्ते आले, बोअरवेल आल्या. बालमृत्यू जामखेडात घटले तसे ते शेजारच्या तालुक्यांतही घटतच होते. मग त्या बाईचे नेमके श्रेय किती? बाहेरच्या संशोधकांनी जामखेडच्या सहकार्याने याचे उत्तर शोधले आणि २०१० मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापले. प्रकल्पातल्या आणि आसपासच्या प्रकल्पाबाहेरच्या गावांत बायकांना बसवून त्यांच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास विचारण्यात आला. इतर फरक वजा केल्यावर प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला, आणि तोही मुख्यत्वे पहिला महिना उलटलेल्या मुलांत. पहिल्या महिन्यातल्या मरणांवर तसा परिणाम दिसला नाही.

१७६वरून तिशीच्या आत येणे हा आकडा भाषणात शोभतो. ३० टक्क्यांचा आकडा त्याहून बुटका आहे, पण वजनदार तोच. खऱ्याखुऱ्या माणसांच्या नोंदींवरून उपचाराचे फळ मोजणाऱ्याला ही पायरी चुकवता येत नाही: शेजारच्या गावात काय झाले ते आधी सांगा.

पोरे जगली, मोठी झाली, चाळिशी गाठली. आता त्याच आरोग्यसेविकांकडे रक्तदाब तपासण्याचे आणि मधुमेहींवर लक्ष ठेवण्याचे काम आले. जामखेडच्या संशोधकांनी प्रकल्पातल्या गावांतल्या रक्तदाबाचा अभ्यास २०१६ मध्ये ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. हगवण लागलेल्या पोराचा निकाल दोन-चार दिवसांत लागतो. बीपीचा निकाल लागायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर माणसाला काही होत नसते. काही होत नसलेल्या माणसाला रोज गोळी खा म्हणून सांगणे हा वेगळाच व्यवसाय आहे.

या दिरंगाईवरचा जगातला पहिला मोठा उतारा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात निघाला. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ माणसांची दर दोन वर्षांनी तपासणी करत राहिले, आणि त्यातून वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल व सिगारेट यांचे हृदयविकाराशी असलेले नाते उलगडले. मात्र फ्रेमिंगहॅमचे सगळे माप आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. हे दाखवणारा अभ्यास नगरच्या शेजारचाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांपासून सुरुवात केली. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपले बाळ हडकुळे दिसले तरी स्नायूंच्या मानाने त्याच्या अंगावर चरबी पुरेशी होती. २००४ मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पाप्याचे पितर दिसणाऱ्या माणसाला शुगर कशी निघते, याचे कोडे त्या एका पानावर मांडलेले आहे.

म्हणूनच गावच्या आशा स्वयंसेविकेच्या, आशाताईंच्या, फॉर्मवर वजनापेक्षा कंबरेला महत्त्व आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो: वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, आईवडिलांना बीपी-शुगर. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९०च्या वर गेली की गुण लागायला लागतात. इथले गुण वाढले तर वाईट, हे समजावण्यात पहिली पाच मिनिटे जातात. नऊवारीच्या निऱ्यांवरून टेप फिरवला तर माप चार बोटे वाढते. निऱ्या सैल करायच्या तर ओसरीवर सासरे बसलेले असतात. मग म्हातारी हसत आत जाते, तिच्या मागे आशाताई टेप घेऊन.

किती लोकांना मधुमेह आहे, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्रातल्या प्रौढांत ८.४ टक्के मधुमेही निघाले, खेड्यात ६.५ आणि शहरात १०.९. २०२३ मध्ये देशाचा अंदाज १० कोटींवर गेला. पण ही झाली पीकपाहणी. कोणत्या गटात काय पेरले ते तिच्यातून कळते, खळ्यावर किती आले ते नाही. गोळ्या सुरू केलेल्यांपैकी किती जणांचे बीपी पुढच्या वर्षी आटोक्यात होते, किती जणांचे पाय, डोळे, मूत्रपिंड वाचले, यासाठी तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

रक्तदाबासाठी २०१७च्या अखेरीस देशात सुरू झालेल्या नियंत्रण उपक्रमाने नेमकी हीच मोजणी हाती घेतली. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, पुढे मोबाइलमधले ॲप, आणि निकष सोपा: शेवटच्या भेटीत आकडा १४०/९०च्या खाली होता का? त्यातली कडक गोष्ट अशी की जो आलाच नाही, त्यालाही हिशेबातून वगळत नाहीत. फक्त आलेल्यांचा हिशेब मांडला तर कोणताही दवाखाना गुणी ठरेल.

आणि न येण्याचे कारण नगर जिल्ह्यात उघड्यावर आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरा नदी आणि साखर कारखाने. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमारास उभा राहिला. पुढे त्याच परिसरात लोणीला ग्रामीण रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय झाले. साखरेने उभे केलेले गाव आज शुगरवर उपचार करते, हा विनोद तिथे कोणाला नवा नसावा. दक्षिणेला जामखेड, पाथर्डी, शेवगाव. इथून ऊसतोडीला माणसे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात राहतात. पहाटे तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरणे, आणि जवळचा दवाखाना दर पंधरा दिवसांनी वेगळा. गावच्या उपकेंद्रातले कार्ड गावातच राहते.

या लोकांच्या तब्येतीची मोजदाद झाली ती ओरड झाल्यावर. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. बीपी-शुगरला तशी ओरड होत नाही. तो माणूस कार्डावर पाच-सहा महिने कोरा राहतो, कधी परत येतो, कधी लकवा मारल्यावर येतो.

फडात एक दिवस काम चुकले की त्याला खाडा म्हणतात. गोळी चुकली तरी नगरकडची माणसे तोच शब्द वापरतात. कामाच्या खाड्याला पैसे कापले जातात, म्हणून मुकादमाच्या वहीत एकही खाडा नोंदवायचा राहत नाही.