स्वस्ताईचे शहर : बर्लिन, १९२२-२३

सप्टेंबर १९२२. कॅनडातील ‘टोरंटो डेली स्टार’ या दैनिकात अर्नेस्ट हेमिंग्वे या तरुण वार्ताहराचे एक वार्तापत्र प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील स्ट्रासबर्गहून ऱ्हाईन नदी ओलांडून तो पत्नीसह जर्मनीतील केल या गावी गेला होता. १० फ्रँक मोडून त्याला ६७० मार्क मिळाले. दोघांनी दिवसभर सढळ हाताने खर्च केला, तरी १२० मार्क उरलेच. तेथील केकच्या दुकानात नदीपलीकडून आलेल्या फ्रेंच लोकांची झुंबड उडाली होती. सारा माल खपला, पण दुकानदार काही खूश दिसला नाही. आलेल्या पैशांत पुन्हा तेवढाच मैदा मिळेल, याची शाश्वती उरली नव्हती.

महायुद्धापूर्वी एका डॉलरला ४.२० मार्क पडत. जर्मनीने युद्धाचा खर्च मुख्यतः कर्जांतून भागवला. पराभवानंतर युद्धभरपाईचे ओझे आले आणि सरकारने तूट नोटा छापून भरून काढली. १९२२ च्या आरंभी हा दर सुमारे १९० होता. वर्षअखेरीस तो ७,००० च्या पुढे गेला.

परदेशी मंडळी बर्लिनकडे वळली ती याच काळात. अमेरिकन लेखक माल्कम काउली याने आपला मित्र मॅथ्यू जोसेफसन याच्या तेथील बिऱ्हाडाचे वर्णन केले आहे. ‘ब्रूम’ नियतकालिकाच्या या संपादकाचा पगार महिना १०० डॉलर. तेवढ्यात दुमजली सदनिका, दोन मोलकरणी, पत्नीला घोडेस्वारीची शिकवणी, महागड्या उपाहारगृहांतील जेवणे, चित्रांची खरेदी, शिवाय हलाखीतील जर्मन लेखकांना मदत! पाहुण्याने यजमानालाच दान द्यावे, अशी ही वेळ होती.

खरा सौदा मात्र घरांचा होता. १०० डॉलरमध्ये बर्लिनच्या कुरफ्युर्स्टेनडाम या उच्चभ्रू रस्त्यावरील सहामजली घरांची रांग विकत घेता येई, असे ऑस्ट्रियन लेखक स्टेफान झ्वाइग याने आत्मचरित्रात म्हटले आहे. यात अतिशयोक्ती असू शकेल. पण घरांचे मोल कोसळण्यामागे घसरत्या मार्कखेरीज आणखी एक कारण होते : घरभाड्यांवरील नियंत्रण. १९२२ च्या कायद्याने भाड्याचा पाया १९१४ चाच ठेवला. त्यावर मिळणारी वाढ महागाईच्या मागे फरफटत येई. भाडेकरूंचे छप्पर त्यामुळे टिकले, पण मालकाला दुरुस्तीपुरतेही पैसे सुटेनात. मग डॉलर किंवा गिल्डर घेऊन येणारा ग्राहक त्याला देवदूतच वाटला.

या व्यवहारात न दिसणारा तिसरा माणूसही होता. घराच्या तारणावर ज्याने आयुष्याची पुंजी कर्जाऊ दिली, त्याचे कर्ज आता रद्दी झालेल्या नोटांत फेडता येई. पुढे १९२५ च्या कायद्याने अशा धनकोंना मूळ रकमेच्या २५ टक्के मोबदला देऊ केला.

‘आउसफरकाउफ’ म्हणजे दुकान रिकामे करण्याची विक्री. देशाच्या मालमत्तेलाही जर्मन लोक हा शब्द लावू लागले. संताप साचत गेला. पण डॉलरवाल्या खरेदीदारांना त्याची फारशी झळ बसली नाही. ५ नोव्हेंबर १९२३ रोजी बर्लिनच्या शॉयनेनफिर्टेल भागात जमाव तुटून पडला तो पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंवर. त्यांची दुकाने लुटली गेली, माणसांना रस्त्यात मारहाण झाली.

त्यानंतर दहा दिवसांनी रेंटेनमार्क हे नवे चलन आले. जुने १ लाख कोटी मार्क म्हणजे एक रेंटेनमार्क. त्यामागे सोने नव्हते. जर्मनीतील शेतजमीन आणि उद्योग यांवर बसवलेले गहाण होते. १९२४ मध्ये चलनवाढीने कर्जमुक्त झालेल्या जुन्या इमारतींवर खास कर बसला. त्याच्या पैशातून नव्या वसाहती उभ्या राहिल्या. बर्लिनच्या ब्रिट्झ भागातील घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रसिद्ध वसाहत त्यांतलीच.

बर्लिन महागले, तसा डॉलरवाल्यांचा ओघ पॅरिसकडे वळला. युद्धापूर्वी ५ फ्रँकच्या आसपास असलेला डॉलर जुलै १९२६ मध्ये ५० फ्रँकच्या घरात गेला. केलमध्ये केक खाणाऱ्यांच्याच देशात, त्याच महिन्यात, पॅरिसच्या रस्त्यांवर परदेशी पर्यटकांच्या बसगाड्या अडवून लोक त्यांची हुर्यो उडवीत होते.