‘बघू’ म्हणजे काय?

कंपनीत कोच येतो तेव्हा ‘आय विल ट्राय’ चालत नाही. काय करणार, कधीपर्यंत, स्पष्ट सांगायचं. हा आग्रह आला चिलीतून. तिथले माजी अर्थमंत्री फर्नांडो फ्लोरेस १९७३च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात होते. पुढे अमेरिकेत त्यांनी ऑस्टिन आणि सर्ल या तत्त्वज्ञांचा विचार उचलला: बोलणं हीसुद्धा कृती असते. विनंती, वचन, मुदत, पूर्तता. १९८६ मध्ये टेरी विनोग्राड यांच्यासोबतच्या पुस्तकात हेच त्यांनी सॉफ्टवेअरला लावलं (म्हणजे आपलं तिकीट ट्रॅकिंगच जवळजवळ). त्यांच्यासोबत काम केलेल्या हुलिओ ओलाया आणि राफाएल एचेवेरिया यांनी त्यातून कोचिंगची पद्धत घडवली.

या चौकटीत नकाराचीही सोय आहे. पण ती प्रत्येकाला वापरता येते का? मी सुरगाण्याचा. फॉरेस्टच्या साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं आमच्याकडे परवडायचं नाही, म्हणून ‘बघू’. कोचला त्यात कच्चेपणा दिसतो, मला त्यात जुनी सावधगिरी दिसते.

समोरच्याचं ‘बघू’ही आमची माणसं बरोबर ओळखतात. मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, कळवण, दिंडोरीचे शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीच्या दाव्यांवर सहा महिन्यांच्या मुदतीचं लेखी आश्वासन घेऊनच ते उठले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच वचनाचा हिशेब मागायला नाशिकहून पुन्हा निघाले. दुसऱ्या दिवशी सरकारने पुन्हा लिहून दिलं.