‘सेट’चा पसारा

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या इवल्याशा शब्दाची: सुमारे ४३० अर्थ, ६०,००० शब्द. एका आटोपशीर कादंबरीएवढा मजकूर!

इंग्रज माणूस हिरा कोंदणात बसवतो, मोडलेलं हाड जुळवतो, सापळा लावतो, जेवणाचं टेबल मांडतो, छापखान्यात खिळे जुळवतो. सिमेंट घट्ट होतं आणि सूर्य मावळतो. या सगळ्याला क्रियापद एकच. मुळात त्याचा अर्थ ‘बसवणे’. वस्तूंचा संच किंवा माणसांचा गट या अर्थाचं नाम मात्र लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आलं. मूळ वेगळं, पण रूप सारखंच झाल्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळत गेले.

हा गुंता सोडवण्याची रीत जेम्स मरे यांनी घालून दिली. १८७९ मध्ये या कोशाच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक झाल्यावर त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांनाच साद घातली: पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, ग्रंथाचं नाव-साल लिहा आणि पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. मरे यांचं कार्यालय म्हणजे पत्र्याची शेड, भिंतींना चिठ्ठ्यांचे खण. भरपूर अर्थांचा शब्द आला की चिठ्ठ्यांचे वीस, तीस, चाळीस गठ्ठे पडत. मग ते टेबलावर, नाहीतर सरळ जमिनीवर पसरायचे आणि कुठला अर्थ कुठल्यातून फुटला याचा माग लागेपर्यंत तासन्‌तास इकडचे तिकडे हलवत बसायचं. आधी तर्क लढवून मग उदाहरण शोधायचं, असं इथे चालत नसे. शब्दकोशाचं खरं वैभव या सचोटीत आहे.

‘सेट’ असलेला भाग हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या एका पेढीत वीसेक वर्षं कारकुनी केलेला हा गृहस्थ स्वतःच्या बळावर भाषा शिकला होता. १८८४ मध्ये कोशाचा पहिला भाग निघाला, त्यावर त्यांनी इतकं जाणतं परीक्षण लिहिलं की पुढे ते स्वतःच संपादक झाले. कोश १९२८ साली पुरा झाला. तो पाहायला ना मरे उरले होते, ना ब्रॅडली.

पुढे ‘सेट’चाही विक्रम मोडला. तिसऱ्या आवृत्तीसाठी कोशकार पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि २०११ पर्यंत त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले. माणसं-घोडी धावत होतीच. त्यांच्यामागून आगगाड्या, कारखाने आणि संगणकाचे प्रोग्रॅमही ‘रन’ होऊ लागले होते.