मोरबाथची जमाखर्चाची वही

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी आणि लढायांचे सन आपल्यापुढे उभे राहतात. आज मी आपणांस एका खेड्याच्या जमाखर्चाच्या वहीकडे नेणार आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानालगत मोरबाथ नावाचे खेडे आहे. सोळाव्या शतकात तेथे अवघी ३३ कुटुंबे होती. १५२० साली ख्रिस्टोफर ट्रिकी हा पाद्री तेथे आला आणि १५७४ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. चर्चचा हिशेब तो स्वतः लिही आणि गावासमोर वाचून दाखवी. इतिहासकार एमन डफी यांनी २००१ साली याच वहीवरून त्या गावावर ग्रंथ लिहिला.

त्या वहीत काय दिसते? संतांच्या मूर्तींपुढे दिवे जळावेत म्हणून चर्चच्या मेंढ्या असत. त्या गावकरी आपापल्या कळपांत सांभाळीत आणि लोकरीच्या पैशातून मेण येई. तरुणांचा निधी वेगळा, कुमारिकांचा वेगळा. त्यांचे कारभारी त्यांच्यातलेच. विधवाही चर्चच्या कारभारी होत. सारांश, पॅरिश म्हणजे केवळ उपासनेचे स्थान नव्हे. ती साऱ्या गावाने मिळून चालविलेली संस्था होती.

मृतांच्या विधीसाठी काळी वस्त्रे घ्यावीत म्हणून ट्रिकीने वीस वर्षे पैसा जमविला. ती १५४७ साली आली. त्याच वर्षी सहावा एडवर्ड गादीवर बसला आणि लवकरच ते विधीच उठले! मेंढ्या विकल्या गेल्या, दिवे विझले. १५४९ साली लॅटिनऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे होताच डेव्हन व कॉर्नवॉलमध्ये बंड झाले. एक्सेटरबाहेरील बंडखोरांच्या छावणीकडे मोरबाथने आपले पाच तरुण धाडले आणि त्यांचा खर्च याच वहीत मांडला! ऑगस्टमध्ये बंड चिरडले गेले. हजारो माणसे मेली.

पुढे मेरी राणीच्या कारकिर्दीत लोकांनी घरांत लपविलेल्या पवित्र वस्तू चर्चला परत आणून दिल्या. एलिझाबेथच्या काळात पुन्हा सारे पालटले. ट्रिकी मात्र प्रत्येक आज्ञा पाळीत जागेवरच राहिला.

त्याला संधिसाधू म्हणावे काय? म्हणणारे म्हणोत. पण धर्म बदलला म्हणून त्याने गाव सोडले असते, तर त्या ३३ घरांचे सुखदुःख कोणी लिहिले असते? विश्वास आणि माणसे यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने माणसे निवडली. त्याची किंमत किती जबर होती, हे त्या विकलेल्या मेंढ्या आणि विझलेले दिवे सांगतात.