एकाच पिढीचे दोन शिलेदार

गेल्या पावसाळ्यात नववीच्या एका मुलाचा मोबाईल वर्गशिक्षकांनी काढून घेतला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. शाळेत मोबाईल आणायचा नाही, आणलाच तर ऑफिसात जमा करायचा, असा आमचा नियम. पडदा अजून चालूच होता. आमच्या तरुणपणी व्हिडिओ पार्लरमध्ये दिसत तशी चौकोनी ठिपक्यांची चित्रे त्यावर पळत होती. एक जपानी समुराई तलवार उपसून धावत होता, रुंद काठाच्या टोप्या घातलेले काउबॉय त्याच्यावर गोळ्या झाडत होते आणि पठ्ठ्या त्या गोळ्या तलवारीने उडवून लावत होता!

संध्याकाळी मुलगा मोबाईल न्यायला आला. मी इतिहासाच्या मास्तराला शोभेल असा टोला हाणला, "अरे, समुराई मध्ययुगातला, काउबॉय परवापरवाचा. उद्या पानिपतावर रणगाडे आणशील!" त्याने मान खाली घालून विचारले, "पण सर, ते खरंच कधी भेटलेच नसतील?" "शक्यच नाही," मी ठासून सांगितले.

एम. ए.ला मला आधुनिक जपानचा पेपर होता. रात्री जेवण झाल्यावर त्यातली सनावळी आठवू लागली आणि माझी झोप उडाली. मुलाचे नव्हे, माझेच चुकले होते. आपण जपान एका प्रकरणात शिकवतो, अमेरिका दुसऱ्या. मधली भिंत आपणच बांधलेली असते.

काउबॉयचे युग तसे अल्पायुषी. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, टेक्सासमधली लांब शिंगांची गुरे हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत नेण्याचा धंदा सुरू झाला, आणि ती हाकणारा मजूर म्हणजे काउबॉय. मुळात गुराखीच तो! त्यांत काळे होते, मेक्सिकनही पुष्कळ होते. सिनेमाने त्यांना गाळले. १८७३ मध्ये कोल्टचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर आले, १८७४ मध्ये ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले. पिस्तुलाची कीर्ती झाली, पण मोकळे कुरण संपवले ते तारेने. १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरे थंडीने मेली आणि खेळ आटोपला. जेमतेम वीस वर्षे.

आता जपान पाहा. सन १८६८ मध्ये मेइजी राजवट आली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि शेतकऱ्याचा पोरगा बंदूक घेऊन शिपाई झाला. लढणे ही एका वर्गाची मिरास उरली नाही. २८ मार्च १८७६ रोजी फर्मान निघाले की लष्कर, पोलीस आणि समारंभी पोशाखातले काही मानकरी सोडून कोणीही कमरेला तलवार लावू नये. त्याच वर्षी समुराईंच्या पिढीजात तनख्यांचे सक्तीने रोख्यांत रूपांतर झाले. म्हणजे कॅन्ससमध्ये काउबॉय ऐन भरात असताना जपानी रस्त्यावरची तलवार उतरत होती. दोघे समकालीन, अगदी एका पिढीचे!

तलवारी सुखासुखी उतरल्या नाहीत. ऑक्टोबर १८७६ मध्ये कुमामोतो येथे दोनशेच्या आसपास समुराईंनी लष्करी ठाण्यावर रात्री छापा घातला. बंदूक परकी, म्हणून तिला हात न लावता ते तलवारीनिशी गेले. पुढल्या वर्षी सात्सुमाचा साइगो ताकामोरी उठला. त्याच्या लोकांकडे मात्र बंदुका होत्या, तोफाही होत्या. दारूगोळा संपत गेला तसतसा तलवारीवर भार आला. २४ सप्टेंबर १८७७ रोजी शिरोयामाच्या टेकडीवर तो पडला. समुराई म्हणजे निव्वळ तलवार हीही एक समजूतच. पोर्तुगीजांबरोबर १५४३ मध्येच तानेगाशिमा बेटावर बंदूक उतरली होती आणि १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत नोबुनागाने तिचा चांगलाच उपयोग करून घेतला होता.

आपल्या भागाला हे दुःख परके नाही. हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी १८५७ मध्ये तो धुडकावला आणि इंग्रजांनी गाव जाळले. देशभराचा शस्त्रास्त्र कायदा आला १८७८ मध्ये.

आणि काउबॉयचे पिस्तूल? तेही उतरवले गेले, आणि याच काळात. डॉज सिटीत हत्यार बाळगून हिंडायला बंदी होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये तसाच नियम केला: गावात आलात की हत्यार जमा करा, जाताना घेऊन जा. २६ ऑक्टोबर १८८१ ची ओ. के. कोरलजवळची चकमक याच नियमावरून उडाली. मार्शल व्हर्जिल अर्प समोरच्यांची हत्यारे काढून घ्यायला गेला होता. अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटल्या, तिघे मेले. सिनेमाने ते अर्धे मिनिट ताणताणून किती लांबवले आहे!

राहिला मुलाचा प्रश्न. जानेवारी १८७२ मध्ये इवाकुरा तोमोमी या दरबारी सरदाराच्या नेतृत्वाखाली जपानी शिष्टमंडळ सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. ओकुबो, इतो, किदो असे समुराई कुळातले पुढारी त्यात होते; किदो तर तरुणपणीचा नामांकित तलवारबाज. ही मंडळी आगगाडीने निघाली ती थेट त्या 'रानटी पश्चिमे'तूनच. पुढे रॉकी पर्वतात बर्फाने मार्ग अडला म्हणून सॉल्ट लेक सिटीत दोन आठवड्यांहून अधिक अडकून पडली. इवाकुराच्या डोक्यावर अजून शेंडी होती, अंगात किमोनो होता. ती शेंडी शिकागोत कापली गेली. गाडीच्या खिडकीतून किदोला एखादा काउबॉय दिसला असेल का? दिसला असेल तर दोघांनीही हत्यार उपसले नसणार, हे नक्की.

हत्यारे गेली आणि गोष्टी वाढल्या. जॉन फोर्डचे चित्रपट पाहून प्रभावित झालेल्या कुरोसावाने १९५४ मध्ये 'सेव्हन समुराई' काढला, त्यावरून अमेरिकेने १९६० मध्ये काउबॉयपट केला. कुरोसावाच्या १९६१ च्या 'योजिम्बो'त तर खलनायकाच्या हातात चक्क रिव्हॉल्व्हर आहे. त्यावर इटलीच्या लिओनेने १९६४ मध्ये परस्पर हात मारला आणि दावा ओढवून घेतला. आपला 'शोले' याच वंशावळीतला, १९७५ चा. त्याच साली जपानच्या निशिकादोने दोन काउबॉय समोरासमोर गोळ्या झाडतात असा व्हिडिओ खेळ बनवला, तो अमेरिकेत विकला गेला. २००५ मध्ये एका जपानी कंपनीने खुद्द समुराईलाच काउबॉयच्या मुलुखात धाडणारा खेळ काढला. त्या मुलाच्या मोबाईलमधला खेळ या खानदानातलाच.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितले, "काल मी याला चुकीचं सांगितलं." इवाकुराची आगगाडी फळ्यावर काढून दाखवली. मुले ऐकत होती. मग तोच मुलगा उठला.

"सर, तलवार काढून घेतल्यावर त्या समुराईंनी पोटासाठी काय केलं?"

"कुणी पोलिसात गेले, कुणी कचेरीत. आणि बरेचसे," मी म्हणालो, "शाळामास्तर झाले."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तास संपल्यावर तो ऑफिसात आला आणि न सांगता मोबाईल टेबलावर ठेवून गेला.